कौसल्येच्या गोळ्या आणि माझी हुशारी

त्या आठवड्यात लेकीचा फोन दोनदा आला. पहिला सोमवारी, नात झाल्याचा. दुसरा गुरुवारी, नातीची आजी गेल्याचा. पेढे अजून वाटून व्हायचे होते…

कौसल्या माझी बायको. मी चौथी शिकलेला विणकर, तिला अक्षरओळखही नव्हती. नागपुरात सक्करदऱ्याच्या घरात हातमाग होता तोवर मी विणायचो, ती नळ्यांवर सूत भरून द्यायची. माग गेला, पण रंग पाहून काम करायची सवय राहिली. तिला बीपी निघालं तेव्हा मीच युक्ती काढली. गोळ्या पाकिटातून सोडवायच्या आणि फडक्याच्या पुरचुंडीत बांधायच्या. सकाळच्या पुरचुंडीला लाल सूत, रात्रीच्या पुरचुंडीला हिरवं. कधी एक गोळी चुकली नाही. ही हुशारी मी गल्लीभर सांगत फिरायचो.

आमची एकुलती लेक मंदा नवऱ्यासोबत आखातात राहते. तिच्या बाळंतपणाला कौसल्या एकटीच निघाली. पहिलंच विमान. बॅग मी भरली. ती म्हणाली, "अवो, या वेळी गोळ्या पाकिटातच राहू द्या ना. मंदा वाचून देईल."

"तू काहून डोकं लावून राहिली वं? डिंकाच्या लाडवाले जागा लागते!"

डॉक्टरची चिठ्ठी कपाटातच राहिली.

तिकडच्या विमानतळावर तपासणीवाल्याने पुरचुंड्या सोडल्या. औषधाचं नाव नाही, चिठ्ठी नाही. त्याने गोळ्या ठेवून घेतल्या. त्याची चूक नाही. अशा सुट्या गोळ्या मीही जाऊ दिल्या नसत्या. चूक माझी.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, आवाज दाबून. "गोळ्या ठेवून घेतल्या त्यायनं. मंदाले सांगितलं तर पाहा! दिवस भरले तिचे, जीवाले घोर लावून घेईल."

"अन् तुह्या बीपीचं?"

"मी का काचेची आहो? आठ-पंधरा दिवसांत का होते?"

मीही मंदाला कळवलं नाही. मलाही तसंच वाटलं. रोज विचारायचो, ती हसून टाळायची. बाळ चौथ्या दिवसाचं झालं, आणि त्याची दुपटी पिळता पिळता ती खाली पडली. डोक्यातली नस फुटली. "आई गोळ्या घेतच होती," असं मंदा तिथल्या डॉक्टरांना सांगत राहिली.

महिन्याने ती बाळाला घेऊन नागपूरला आली. मी समोर बसवून तिला सगळं सांगितलं. लेक तुटली असती तरी चाललं असतं, पण असं लपवून तिची माया घ्यायची नव्हती. तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "बाबा, आमच्या बिल्डिंगच्या खालीच डॉक्टर बसते. लिफ्टनं दोन मिनिटं लागते…" तेवढं बोलून ती रडली. रडून झाल्यावर नात माझ्या मांडीवर ठेवली.

परदेशी जाणाऱ्यांना मी तोंडावर सांगतो. गोळी छापील पाकिटातच न्या, चिठ्ठी जवळ ठेवा. आणि गोळी गेली तर त्याच दिवशी बोला. लेकीला त्रास नको म्हणून गप्प बसाल, तर तिला जन्माचा त्रास देऊन जाल.

कौसल्येला केव्हाही विचारा, ताप असो की पाय मुरगळलेला असो, "बरी आहो" हेच उत्तर यायचं. ती सवय आता मला लागली आहे. मंदा रोज सकाळी फोनवर विचारते, "बाबा, कसे आहा?" माझ्या तोंडून निघून जातं, "बरा आहो."

"आता खरं सांगा," मंदा म्हणते.

मी सांगतो. गुडघ्यापासून सुरुवात करतो.