पनीरभोवती गुंडाळलेलं पळसाचं पान

माझ्या सासूबाई, जयवंताबाई, भीमपूरजवळच्या आमच्या गावात महिला संघमचं, म्हणजे बायांच्या बचत गटाचं, पनीर बनवतात. बाकीच्या बाया कितीही नाकं मुरडोत, दूध फाडायचं काम त्या कुणाच्या हाती देत नाहीत. हट्टी आहेत, तोंडाने फटकळ आहेत, पण पनीर असं करतात की खाणाऱ्याने नाव काढावं.

फक्त ते टिकत नव्हतं. मावला गावातल्या वसतिगृहाने दोनदा परत पाठवलं, तेव्हा अर्पिता आली. हैदराबादेत संशोधन करणारी ही मुलगी म्हणजे मोतीरामची नात. मोतीराम आमच्याकडे बारा वर्षं सालदार होता. त्याचा चहाचा कप वेगळा, गोठ्याच्या वळचणीला अडकवलेला असायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो पाहिला आणि काही बोलले नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

अर्पिताने पनीर गुंडाळायला दुधी रंगाच्या पातळ फिल्मचे तुकडे आणले होते. दूध आंबवणारे काही जिवाणू प्रथिनांचे बारीक तुकडे तयार करतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात, आणि ते अन्न नासवणाऱ्या जंतूंना मारतात, असं तिने आम्हाला समजावलं. तेच तिने फिल्मवर चढवले होते. पनीरात काहीही न मिसळता ते आठ दिवस टिकेल. अट एकच, फिल्म पनीरला थेट चिकटली पाहिजे. "हे मी माझ्या हातानं बनवलंय," ती अभिमानाने म्हणाली. तीन वर्षं गेली होती त्यात. ही चाचणी फसली तर काम बंद करा, असं तिला वरून सांगितलेलं होतं.

पुडकी सासूबाईंनी बांधली. रोज सकाळी एक पुडकं त्याच आत जाऊन उघडायच्या आणि पनीर बशीत घालून बाहेर आणायच्या. चौथ्या दिवशी वास आला. पाचव्या दिवशी पनीर बुळबुळीत झालं. अर्पिताने वही मिटली, फिल्म कुचकामी आहे असं कळवून टाकते म्हणाली आणि उरलेले तुकडे गोळा करू लागली. रडली नाही, पण तिच्याकडे बघवत नव्हतं.

सासूबाई दारातून हे बघत होत्या. मग आत गेल्या, उरलेली तीन पुडकी घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर सोडली. आत पनीरभोवती पळसाचं पान गुंडाळलेलं होतं. फिल्म पानाला चिकटली होती, पनीरला नाही.

मी घाईघाईने सांगू लागले, की घरात जेवण पळसाच्या पानावरच वाढायची त्यांची जुनी सवय आहे. त्यांनी मला हाताने थांबवलं.

"सवय नाय ते. रोजच्या पनीरच्या पिशवीत कधी पान ठेवलं काय म्या?" मग अर्पिताकडे न बघता म्हणाल्या, "हे तुह्या हातचं व्हतं, म्हणून मधी पान ठेवलं."

अर्पिताने वही पुन्हा उघडली.

"आजी, चाचणी काऊन फसली ते लिहावं लागते. काय लिहू?"

"हेच लिव. माहं नाव घालून लिव."

तिने लिहिलं. सासूबाईंनी खाली सही केली.

अर्पिताने नवं पनीर मागून घेतलं आणि या वेळी सगळी पुडकी स्वतः बांधली. सासूबाई तिथेच बसून बघत होत्या. आठव्या दिवशी शेवटचं पुडकं अर्पितानेच उघडलं. पनीर पांढरंशुभ्र होतं. तिने एक तुकडा तोडून त्यांच्यापुढे धरला. सासूबाईंनी तो तिच्या हातातून घेतला, खाल्ला, "चांगलं हाय" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

अर्पिताने त्यांना उगी केलं नाही. तिने वहीत आठव्या दिवसाची नोंद केली आणि हात धुवायला गेली.