नववा दिवा वर का होता

मी जन्मभर पोरांना भूमिती शिकवली. त्यामुळे कुठं काही वाकडं दिसलं की माझे हात शिवशिवतात. डोकं नंतर येतं, सावकाश, पॅसेंजर गाडीसारखं.

आमच्या समोर राहणाऱ्या मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी. काका रेल्वेत गार्ड होते. बदली होऊन पूर्णेत आले आणि इथंच राहिले. काका गेले त्यानंतरचा हा पहिला हनुका, म्हणजे त्यांचा दिव्यांचा सण. दरवर्षी दिवा ते लावायचे, आशीर्वादही तेच म्हणायचे. यंदा ते मावशींना एकटीनं करायचं होतं आणि गेला आठवडाभर त्या स्वयंपाकघरात पुटपुटत पाठांतर करत होत्या.

दिवा त्यांच्या सासूबाईंकडून आलेला. भिंतीवर टांगायची ताटाएवढी पितळी पाटी. तिच्यावर ओळीनं आठ कड्या, प्रत्येक कडीत काचेचा छोटा पेला. पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वात. नववी कडी ओळीच्या वर, एका बाजूला. पहिल्या संध्याकाळी एक दिवा, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असं आठ दिवस चढत जायचं.

"एक कडी हलतेय," मावशी म्हणाल्या. "तेवढा डाग देऊन आण. बाकी कशाला हात लावायचा नाही."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं हो. मराठीतच.

भांड्यांना डाग देणाऱ्यानं पाटी उलटीपालटी करून पाहिली. "सर, हे एक वरच का गेलंय? बसवणाराचं चुकलं का काय?"

"चुकलंच असणार," मी म्हणालो. माझ्यातला भूमितीचा मास्तर खडबडून जागा झाला. "खाली घ्या. नऊच्या नऊ एका रेषेत." वर त्याच्याकडची फूटपट्टी घेऊन मी स्वतः खुणा करून दिल्या!

पहिल्या दिवशी दुपारी पाटी मिरवत घेऊन गेलो. मावशींनी ती बघितली. मग मला बघितलं.

"हे कुणी केलं?"

"मी. एकदम लेव्हलमध्ये."

"अरे शहाण्या, वरचा तो शमाश. बाकीचे दिवे त्याच्यावरून पेटवायचे. तो ओळीत बसला तर आज पहिला दिवस की दुसरा, बघणाऱ्याला कसं कळणार?"

मी पाटी परत काखेत मारली. सायकल दारातच होती. तिच्यावर टांग मारली.

डाग देणारा जेवायला गेलेला. आला, तर पान लावत बसला. मी घाई केली तशी म्हणाला, "सर, तुमीच म्हणलात ना खाली घ्या म्हणून? आता परत वर म्हनायलात. एकदा काय ते ठरवा की."

ठरवलं. त्यानं पकड लावली, जोर केला आणि कडी कट्कन तुटून त्याच्या हातात आली.

"लावा परत," मी ओरडलो.

"गॅस संपलाय. उद्या या."

"उद्या काय करू? आज पहिला दिवा आहे!"

"मंग आज आठावर भागवा. एकानं काय लय फरक पडायलाय?"

त्याचा गळा धरावासा वाटला. पण फूटपट्टीच्या खुणा माझ्या हातच्या होत्या.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मावशी सणाची पांढरी साडी नेसून तयार. पाटी खिळ्याला टांगली. नववीच्या जागी नुसता काळा डाग. मी म्हणालो, "शमाश स्टुलावर ठेवू का?"

"आमच्याकडे तो दिव्यांच्या वरच असतो."

"मग कपाटावर?"

"कपाट पलीकडच्या भिंतीला आहे." त्यांनी नववा पेला भरला, वात पेटवली आणि माझ्या हातात दिला. "जागा तू घालवलीस ना? मग धर."

भिंतीला पाठ लावून, हात वर करून उभा राहिलो. मावशींनी डोक्यावर पदर घेतला आणि हिब्रू आशीर्वाद सुरू केला. मध्येच अडल्या. काकांच्या फोटोकडं पाहिलं. आता ह्या रडल्या तर मी पेल्यासकट कुठं जाऊ? पण त्यांनी पहिल्यापासून धरलं आणि शेवटपर्यंत म्हटलं, सलग. मग माझ्या हातातल्या ज्योतीवरून वात पेटवून पहिला दिवा लावला.

दारातून शेजारीण डोकावली. "अगं बाई, सरांना शिक्षा केली का काय?"

"हो," मावशी म्हणाल्या आणि खुर्चीत बसून गाणं म्हणायला लागल्या. आवाज मोकळा झाला होता. माझ्या खांद्याला मुंग्या, बोटांना चटके, नाकाच्या शेंड्यावर खाज. गाणं संपायचं नाव नाही.

"मावशी, हात खाली घेऊ का?"

त्यांनी मान वर करून पेल्याकडं पाहिलं. "तेल आहे अजून," म्हणाल्या आणि पुढचं कडवं धरलं.