सुलोचनाबाईंचा हिवाळा

दवनीवाड्यात सुलोचनाबाईंचा आवाज घुमला नाही असा पावसाळा कुणाला आठवत नाही. धानाच्या रोवणीत बायांच्या ओळीत त्या पहिल्या. पोटरीभर चिखलात वाकून गाणं त्याच धरायच्या आणि मागे पडलेलीला तिथूनच झापायच्याही. त्यांच्या झापण्याचा कुणी राग धरत नसे, कारण दुपारी डबा सोडला की भाजी वाटायलाही त्याच पुढे. नवरा हिरालालभाऊ मात्र अबोल. "आमच्या घरचं बोलनं तीच करते," असं ते सांगत आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे.

पण दिवाळी झाली, गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा भरली, मंडईला आलेले पाहुणे परतले, की बाईंचं काहीतरी बिनसायचं. दिवस लहान व्हायचे, सकाळी उशिरापर्यंत शेतांवर धुकं बसून राहायचं आणि ही बाई खाटेवरून उठायचं नाव घ्यायची नाही. जेवणावरची वासना उडायची. कुणी विचारलं तर "थंडी हाये," एवढंच. होळीच्या सुमारास आपोआप माणसांत यायच्या.

गावाने आपापली अक्कल पाजळली. कुणी म्हणे नजर, कुणी म्हणे वयच तसं. एका साली जाऊबाईंनी त्यांना गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रतापगडच्या दर्ग्यावर नेलं. चादर चढवली, चिवडा खाल्ला, भर उन्हात दिवसभर गडावर हिंडल्या आणि पुढचे दोन-चार दिवस बाई चक्क हसल्या-बोलल्या. सगळ्यांनी श्रेय बाबांना दिलं. उन्हाचं नाव कुणी काढलं नाही.

हिरालालभाऊंचा जीव तिळतिळ तुटायचा. बोलणं जमत नसे, म्हणून ते हातांनी काय ते करत. मळणी झाली की विकायला नेईपर्यंत धानाची पोती समोरच्या खोलीत असत. भाऊंनी ती पूर्वेच्या खिडकीला लावून छतापर्यंत रचायला सुरुवात केली आणि त्यांच्या आडोशाला बायकोची खाट टाकली. वाऱ्याची झुळूक आत येईना. घरातली सगळ्यात ऊबदार जागा आपण बायकोला दिली, याचा त्यांना केवढा अभिमान! बाई तिथे पोत्यांकडे तोंड करून पडून राहत. दिवस उगवला की मावळला, हेही त्यांना कळत नसे.

आणि मनातलं सांगणार कसं? लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूने बजावलं होतं, नवं धान घरात असताना बाईने रडू नये, लक्ष्मी पाठ फिरवते. यांना तर नेमकं तेव्हाच रडू यायचं. घर भरलेलं, मुलगा-सून गुणाचे, नवरा देवमाणूस, तरी छातीवर धोंडा. आपल्यासारखी करंटी आपणच, असं वाटे. कधी कधी आपण नसलेलंच बरं, असंही मनात येई. मग स्वतःलाच घाबरून त्या गोधडी डोक्यावर ओढून घेत.

यंदा सून दीप्तीने कुणाचं ऐकलं नाही. सासू-सासऱ्यांना घेऊन ती गोंदियाला डॉक्टरीणबाईंकडे गेली. कधीपासून, कोणत्या महिन्यांत, असं विचारत विचारत त्यांनी शेवटी विचारलं, "माँजी, दिनभर बैठती कहाँ हो?" दीप्तीने खोली कशी आहे ते सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे, काहींना तो हिवाळ्यातच गाठतो. गोळ्या घ्यायच्या, पण रोज सकाळचं ऊन आणि चालणंही हवं. आणि वाईट विचार आले तर घरात सांगायचं, लपवायचं नाही. हिरालालभाऊ मान खाली घालून ऐकत होते. सगळ्यात ऊबदार जागा म्हणे!

घरी येऊन त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. एकेक पोतं पाठीवर घेऊन अंगणात नेऊ लागले. मुलगा प्रफुल धावत आला. "बाबा, पानी आलं तं? धान भिजंन ना!"

"भिजू दे. ताडपत्री आन."

खिडकी मोकळी झाली. चमत्कार मात्र काही झाला नाही. बाईंनी डोळ्यांवर हात घेतला आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवसापासून धुकं विरलं की भाऊ त्यांना शेतावर नेऊ लागले. धान कापलेल्या बांधीत लाखोळीच्या डाळीचं कोवळं पीक वाढलं होतं. "भाजी खुड," म्हणायचे. बाई चार शेंडे खुडून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसत, मग भाऊही बसत. काही दिवस बरे जात, काही पार वाया. गोळी मात्र दीप्ती चुकू देत नसे.

एका सकाळी शेतावरून आल्यावर बाई घरात न जाता अंगणातच पोत्यांना टेकून बसल्या.

"अवो, कामधंदा सोडून माह्या मांगं काऊन फिरून राहिले तुमी?"

हिरालालभाऊ त्यांच्या शेजारी बसले. "मले भेव वाटते."

"कायचं?"

"तुले काही झालं तं."

"मलेही वाटते. मरून जावं असं येते मनात. पन सांगू कशी? धान हाये ना घरात. रडाचं नाही, म्हनत होत्या सासूबाई."

भाऊंनी पोत्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"रड तू," ते म्हणाले. "धान का पळून जाऊन राहिलं?"

आणि सुलोचनाबाई भर उन्हात, आल्यागेल्यांच्या देखत, पोटभर रडल्या. हिरालालभाऊ शेजारून हलले नाहीत.