चिंचेनं घासलेली नाणी

दर शनिवारी बँकेतून पेनीचे, म्हणजे एका सेंटच्या नाण्यांचे, कागदात गुंडाळलेले रोल आणायचे आणि त्यांतली जुनी, अस्सल तांब्याची नाणी वेचायची, हा माझा अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमधला छंद. नव्या पेनीत आत जस्त, वर नुसता तांब्याचा मुलामा. दोन वर्षांत बरणीभर तांबं जमलं.

पुण्याहून आलेल्या आईनं मी ऑफिसात असताना ती सगळी नाणी चिंचेनं घासून लख्ख केली. मी कपाळावर हात मारला. "अगं, जुनं नाणं घासायचं नसतं! काळपट असलं तरच त्याला किंमत!"

"तांबं कुणी काळं ठेवतं का?" आई उलट माझ्यावरच डाफरली.

ओट्यावर नाणी अशी झळकत होती, की मला हसूच फुटलं.

पुढच्या शनिवारी मी रोल घेऊन घरी पोचलो, तर आईनं आधीच चिंच भिजत घातली होती.