पुढच्या दारची पाखरं

श्रावण सरता सरता श्रीवर्धनहून आमच्या सुपारीच्या बागेतला गडी चिखल तुडवत म्हसळ्याला माझ्या दारात आला. डोक्यावरचं इरलं काढून म्हणाला, "धाकल्या काकी, गोदाकाकी गेल्या… पहाटंला." गोदावहिनी म्हणजे माझ्या मधल्या जाऊबाई, भर तारुण्यात नवरा गेलेल्या. बातमी कळताच आळीतल्या बायका जमल्या आणि एकीने ठरलेलं वाक्य टाकलं, "सुटली बिचारी!" मला रडू येण्याआधी राग आला. बिचारी? गोदावहिनींना बिचारी म्हणणारं माणूस श्रीवर्धनात सापडणार नाही, निदान आमच्या थोरल्या भावजींना तरी विचारून बघा.

मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा लाल अलवणातल्या या वहिनींना दिवसातून एकदाच बाहेर पडायची मुभा होती, पहाटे समुद्राकाठच्या देवळात. देवदर्शन त्या करीतच, पण देवाला उगाच फार वेळ ताटकळत ठेवीत नसत. भाद्रपद लागला की उत्तरेकडून पाखरं उतरू लागत. कुरव, तुतवार, कालवं फोडून खाणारी लाल चोचीची मंडळी… वहिनी ओल्या वाळूवरून त्यांना डोळे भरून बघत येत आणि घरी आल्याबरोबर पुढच्या अंगणात, सारवलेल्या जमिनीवर, त्या दिवशी नवं आलेलं पाखरू रांगोळीने काढीत. पाखरं ज्या दिशेने गेली तिकडे त्याची चोच. विधवेनं रांगोळीला हात लावायचा नाही, आणि तोही पुढच्या दारी, हे त्यांना माहीत नव्हतं असं कोणी समजू नये.

रस्त्यावरून जाणारं येणारं माणूस थांबून बघे. मग लोकही त्यांना सांगू लागले, खाडीत अमुक उतरलंय, बंदरावर तमुक दिसलं. वहिनी तेही काढीत, पण स्वतः पाहिल्याखेरीज त्या पाखराला डोळा काढीत नसत. शेजारच्या खतिजाबींचा मुलगा मचव्यावर होता. त्याने समुद्रात पाहिलेलं पाखरू खतिजाबी मोठ्या अभिमानाने सांगत आणि दुसऱ्या दिवशी कुंपणावरून भांडत, "माज्या पाखराला डोला दे गो बाय! माजा पोर काय झूट बोलतो काय?" वहिनी म्हणत, "पोर खरंच बोलतो. पण डोळा माझा आहे." तपासून आल्याशिवाय त्या बधत नसत.

थोरले भावजी भावजयीशी थेट बोलत नसत. तुळशीकडे तोंड करून बोलत. "या घराला अवदसा आठवली आहे," ते तुळशीला सांगत. वहिनीही तुळशीलाच उत्तर देत, "ही रांगोळी नाही, बातमी आहे." मग तुळशीमार्फत तोड निघाली, की एवढी हौस असेल तर मागच्या दारी काढावी. वहिनी म्हणाल्या, "मागच्या दारी वाचणार कोण? म्हशी?" त्या दिवसापासून भावजी रोज सकाळी भरलेली कळशी घेऊन येत आणि पाखरावर ओतीत. ते आत गेले की वहिनी ओली जमीन पुन्हा सारवून तेच पाखरू पुन्हा काढीत. सारा भाद्रपद हे चाललं. माझे यजमान मान खाली घालून चहा पीत आणि मला डोळ्यांनी सांगत, तू मधे पडू नकोस.

नवरात्रात एके सकाळी वहिनी अंगणात काढलेल्या धोब्यासमोर नुसत्याच बसलेल्या दिसल्या. शेपटी सारखी वरखाली हलवणारा तो धोबी हो, पण हा पिवळ्या जातीचा. "पोट पिवळं हवं गं याचं," त्या म्हणाल्या. "पांढरं ठेवलं तर भलताच पक्षी होतो. आणि हळदीला शिवायची मला बंदी." मी आतून करंडा आणला. पोटात हळद भरली, आणि बाजूला, बुद्धी कुठून झाली देव जाणे, कुंकवाची दोन बोटं ओढली. भावजी कळशी घेऊन आले… थबकले. नवरात्रात, उंबऱ्यासमोर, सवाष्णीच्या हळदीकुंकवावर पाणी कसं ओतणार? शेवटी ती कळशी त्यांनी तुळशीत रिकामी केली. आम्ही दोघी माजघरात जाऊन पोट धरधरून हसलो. पुढे कित्येक वर्षं हाच शिरस्ता झाला. पाखरू वहिनींचं, बोट कुंकवाचं माझं. आम्ही जिंकलो असंच मी धरून चालले होते.

पुढे यजमानांच्या नोकरीपायी आम्ही म्हसळ्याला आलो, तरी पाखरांच्या दिवसांत मी महिनाभर श्रीवर्धनला जाऊन राही. गेल्या वर्षी उन्हाळ्यात यजमान गेले. माझं कुंकू पुसलं तेव्हा वहिनी बैलगाडीने आल्या, शेजारी बसून राहिल्या. सगळ्या बायका गेल्यावर मी म्हटलं, "आता पाखरांना कोण राखणार?" त्यांनी माझा हात घट्ट धरला. "इतकी वर्षं तुझं कुंकू पुढे केलं, ते माझं चुकलंच," त्या म्हणाल्या. "बातमी खरी असेल तर तिला सवाष्णीचा आडोसा कशाला? यंदा हळद मी भरीन."

आणि भरली. मी नव्हते तिथे, दुखवट्याच्या वर्षात घराबाहेर पडायची सोय नव्हती; खतिजाबींनी कुंपणावरून पाहिलं ते मला मागाहून सांगितलं. पिवळा धोबी, पोटात वहिनींच्या हाताची हळद, आणि कुंकू नाही. भावजी कळशी घेऊन आले तर वहिनी पाखराला खेटून बसून राहिल्या. त्या दिवशी प्रथमच त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "ओता. मला भिजवून मग त्याला भिजवा." भावजींनी ओतलं. म्हाताऱ्या हातांना कळशी पेलली नाही, निम्मं पाणी त्यांच्याच धोतरावर गेलं. वहिनी तशाच निथळत पुन्हा सारवायला बसल्या. दुसऱ्या दिवशी कळशी आली नाही. भावजींचं मन पालटलं असं लोक म्हणतात. माझ्या मते त्यांचे गुडघे दुखत होते.

त्यानंतर एक पावसाळा, आणि वहिनी गेल्या. मला त्यांची आठवण येते तशी दुसऱ्या कोणाची येत नाही, हे इथे लिहून टाकते.

काल पहाटे म्हसळ्याच्या शेताच्या बांधावर धोबी दिसला, पिवळा. घरी आले, पुढचं अंगण सारवलं, रांगोळी घेतली. शेपटी जरा वाकडी आली. मग स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणला. समोरच्या वाटेने पाण्याला निघालेल्या दोघी जागीच उभ्या राहिल्या. "अहो काकू… तुम्ही? हळद?"

"हो," मी म्हटलं आणि चिमूट भरून घेतली. "त्याचं पोट पिवळंच असतं."