साहेबांसाठी बीट

आमच्या नाशिक रोडच्या शाळेत प्रतिभा गांगुर्डेबाई विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. त्यामुळे शब्दांची मालकी माझ्याकडे, असा माझा समज होता. पेशीपटल शिकवताना बाई सांगायच्या, "ज्याला पटेल तेच आत घेतं, न पटणारं बाहेर ठेवतं, ते पटल." पटल आणि पटणं यांचं काही नातं नाही, हे मी स्टाफरूममध्ये सांगून पाहिलं. मुलांनी मात्र ही सोयरीक केव्हाच मान्य केली होती.

बाईंचे वडील नोटांच्या प्रेसमध्ये कामगार. घरात पदवीपर्यंत पोचलेल्या या पहिल्याच. ऐकायच्या सगळं, बोलायच्या निवडून.

सत्त्याण्णव साली बाई अजून तात्पुरत्या होत्या. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे शिक्षण खात्याचे साहेब त्यांचा एक तास बघून ठरवणार होते. बाईंचा बेत साधा होता. कच्च्या बिटाच्या फोडी नीट धुऊन गार पाण्यात टाकायच्या. पाणी स्वच्छ राहतं, कारण जिवंत पेशीचं पटल आतला लाल रंग सोडत नाही. मग तीच फोड कढत पाण्यात टाकली, की पटल मोडतं आणि रंग वाहू लागतो. आदल्या दिवशी त्यांनी शिपाई सखुबाईंना सांगितलं, "मावशी, उद्या साहेब येणारेत. येताना दोन बिटं आणा."

आता साहेब येणार म्हणजे जेवणार, हे सखुबाईंना नोकरीने शिकवलेलं. त्यांनी बिटं उकडली, सोलली, सुरेख फोडी केल्या आणि डबा थेट वर्गातल्या टेबलावर आणून ठेवला. साहेब मागच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले होते. फोड हातात घेताच ती शिजलेली आहे, हे बाईंच्या बोटांना कळलं. पण सगळा वर्ग त्या फोडीकडेच बघत होता; त्यांनी ती पाण्यात सोडली. पाणी लालभडक.

"रंग बाहेर येत नाही म्हणालात ना, मॅडम?" साहेबांनी विचारलं.

सखुबाई दारातच उभ्या होत्या. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बीट शिजलंय, सर. कच्चं हवं, हे मी सांगायला हवं होतं." मग त्या मुलांकडे वळल्या. "पेशी जिवंत असते तोवर तिच्या दारावर कुणीतरी असतं. शिजली की दार राहतं नुसतं. कुणीही यावं, कुणीही जावं."

साहेब म्हणाले, पण हा प्रयोग अर्धाच झाला, आणि अर्ध्यावर मला काही लिहिता येणार नाही. तेव्हा सखुबाई पुढे आल्या.

"चूक माझी हाय, साहेब. मला वाटलं, तुमच्या कोशिंबिरीला."

साहेब हसले नाहीत. जेवताना मात्र त्यांनी कोशिंबीर दोनदा मागून घेतली आणि हात धुताना, कच्चं बीट इथे कुठे मिळतं, याची चौकशी केली. सखुबाई तोवर बाजारात पोचल्यासुद्धा होत्या. त्यांनी आणलेल्या बिटाला पाला होता, माती होती. तासभर आधी उपटलेलं असावं.

वर्ग पुन्हा भरला. बाईंनी फोडी धुतल्या, पुसल्या, पाण्यात सोडल्या. साहेब चष्मा काढून पेल्याशी वाकले. मुलं बाकांवर उभी. सखुबाईंनी तर डोळेच मिटले होते. काहीही घडू नये म्हणून इतक्या माणसांनी श्वास रोखलेला मी पुन्हा पाहिला नाही. आणि खरोखरच काही घडलं नाही. पाणी पाण्यासारखं राहिलं, आणि बाई कायम झाल्या.