नुसती बुधी

बोईसरहून डोंगराच्या अंगाला चालत निघालं की उन्हं तापायच्या आत बोरीचा पाडा लागतो. त्या पाड्यात एके काळी चार बुध्या होत्या, आणि त्यात नवल काही नव्हतं. बुधवारी जन्मलेल्या पोरीचं नाव बुधी ठेवायचं, इतका सोपा कारभार. पंचांग नको, बारशाची भांडणं नकोत. लग्नानंतर बाईचं नाव बदलायची रीतही तिथे नाही, त्यामुळे दुसऱ्या पाड्यातून सून म्हणून आलेली बुधी म्हातारी होईपर्यंत बुधीच राहायची. मग ओळखायचं कसं, तर जिच्या-तिच्या कामावरून.

पहिली बुधी धवलेरी. वारल्यांच्या घरात लग्नाला भटजी लागत नाही, धवलेरी लागते. ती चौकासमोर बसून गाते, एकेका देवाचं नाव घेऊन त्याला मांडवात बोलावते, आणि सगळे देव आले की मगच लग्न लागलं म्हणायचं. या बुधीचा गळा असा की मांडवातला ताडी प्यायलेला माणूससुद्धा गुमान बसून ऐके. दुसरी बुधी चौकवाली. तो चौक म्हणजे गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली देवी आणि तिच्याभोवतीची नक्षी. हिच्या हाताची रेघ कधी थरथरली नाही, आणि ते ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरे. तिसरी बुधी सुईण. आडवं मूल सरळ करणारी म्हणून वाणगावच्या पलीकडून लोक तिच्यासाठी बैलगाडी पाठवत. गाडीत बसताना ती आजूबाजूला कोण बघतंय ते आधी पाहून घेई.

चौथी बुधी जिवल्याची बायको. सूर्या नदीकडच्या पाड्यातून लग्न करून आलेली, हाडापेराने मजबूत, कामाला वाघीण. पण काम काय, तर सगळ्यांचं तेच तिचं. लावणी, कापणी, लाकूडफाटा, पाणी. बाहेरगावचा कोणी बुधीला विचारत आला की पाड्यातली माणसं विचारत, कोणती, धवलेरी, चौकवाली की सुईण? तो या तिघींपैकी कोणीच नव्हे म्हणाला की मग हात करून जिवल्याचं घर दाखवत. म्हणत, मग ती नुसती बुधी असंल.

झालं, तेच नाव पडलं. थट्टेखोरांना तर आयतं कोलीत मिळालं. एका बुधीने भिंत रंगवायची, दुसरीने लग्न लावायचं, वर्षाच्या आत तिसरीने मूल बाहेर काढायचं, आणि नुसत्या बुधीने काय करायचं, तर तिन्ही वेळा जेवायला यायचं. सगळे हसत. बुधीही हसे. पण घरी आल्यावर ती जिवल्याशी धड बोलत नसे, आणि त्या बिचाऱ्याला आपण काय केलं ते कधी कळत नसे. तिला ते नाव लागत होतं. एखाद्या कामाने ओळखलं जावं, आपल्या नावापुढे काहीतरी असावं, एवढंच तिला हवं होतं. हे हवं असण्यात काही वाईट नव्हतं. ते कुठे शोधायचं, तिथे ती चुकली.

कारण ते तिच्या दारात चालत आलं होतं. एका पावसाळ्यात लावणी चालू असताना बायका गाणं म्हणत होत्या, आणि धवलेरी बांधावर उभी राहून ऐकत होती. गाणं संपलं तशी तिने चिखलात उतरून नुसत्या बुधीचा दंड धरला आणि म्हणाली, या साली लग्नात माझ्या मागं बसायचं. पाड्यातल्या कितीतरी जणी या एका वाक्यासाठी वर्षानुवर्षं म्हातारीची पाठ चोळत होत्या. बुधीचे हात चिखलाने भरलेले, तोंड उघडंच राहिलं.

धवलेरीचं शिकणं मात्र मोठं अवघड. लग्नाचं गाणं लग्नाबाहेर तोंडातून काढायचं नाही, असा पाड्याचा दंडक. देवांना नावाने हाक मारायची आणि पुढे मांडवच नाही, म्हणजे घरी बोलावून दाराला कडी लावल्यासारखं झालं. त्यामुळे घरी बसून शिकवणं नाही, वाटेत गुणगुणणं नाही. धवलेरीच्या मागे बसायचं आणि ती गाईल तसं गायचं. पहिल्या साली फक्त ओळीचा शेवटचा शब्द, दुसऱ्या साली अर्धी ओळ, तिसऱ्या साली पूर्ण. लग्नं माघापासून पाऊस लागेपर्यंतची. तेवढे महिने सुटले की वर्ष सुटलं.

बुधी दोन सालं बसली. पहिल्या साली शब्द नीट बसले. दुसऱ्या साली अर्ध्या ओळी यायला लागल्या, देवांची नावं ओळीने जिभेवर चढायला लागली. नारनदेव, हिमाय, हिरवा हे तर सगळ्या वारल्यांचे. त्यांच्यामागे पाड्याचे आपले देव यायचे, ओहोळाकाठचे, वडाखालचे, खिंडीतले. ते दुसऱ्या गावच्या धवलेरीला ठाऊक नसत. त्यातल्या पहिल्या चौघांपर्यंत बुधी पोचली होती. मागे बसलेल्या बाईला पाड्यात नाव नसतं. तिला अजूनही सगळे नुसती बुधीच म्हणत, आणि तिला वाटे, इतकं करून पदरात काय पडलं?

साल पासष्ट उजाडलं तेव्हा तारापूरला समुद्राच्या अंगाला बिजलीघराचं काम जोरात चाललं होतं. डोंगरातली माणसं शेतं कापून झाली की कामाला तशीही बाहेर पडत, आता सगळी तिकडे वळली. जिवल्या निघाला, त्याच्या मागे बुधी आणि दहा-अकराची झालेली त्यांची मुलगी बायडी. घिवलीच्या वाटेवर झावळ्यांची खोपटं पडली होती, तिथे ते राहिले. निघताना धवलेरी म्हातारीला बुधीने सांगितलं होतं, एवढं एक साल, पुढच्या साली येतेच.

कामावर मुकादम होता रामकिसन, जालन्याकडचा माणूस. आवाज फाटका, मनाने बरा. स्लॅब घालायच्या दिवशी तो बायकांची रांग लावी. खाली मिक्सरपासून वरपर्यंत, लाकडी चढणीवर एकेक बाई उभी, आणि काँक्रीटने भरलेली घमेली हातोहात वर जायची. स्लॅब सुरू झाला की संपेपर्यंत रांग तुटता कामा नये. सगळ्यात वरची जागा अवघड, तिथे वाकून घमेलं घ्यायचं, वळायचं आणि सांडू न देता ओतायचं. दोन-तीन बायका तिथे टिकल्या नाहीत. मग रामकिसनने बुधीला उभं केलं, आणि त्या दिवशी एक घमेलंसुद्धा सांडलं नाही. संध्याकाळी तो सगळ्यांसमोर म्हणाला, ही आपली घमेलेवाली बुधी, उद्यापासून वर हीच.

घमेलेवाली बुधी! पुढच्या आठवड्यात बिहारकडचे गवंडीसुद्धा तिला त्या नावाने हाक मारायला लागले. स्लॅब आहे म्हटलं की पहिल्यांदा तिला शोधत. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी कामासाठी बुधी विचारत होतं आणि ती बुधी ही होती. ती चढणीवर चढताना पदर कमरेला असा काही खोची की जिवल्याला खालून बघून हसू येई. त्याला आनंदच होता. माणूस तसा साधा.

फाल्गुनात धवलेरी स्वतः तारापूरला आली. त्या वयात, पाड्यापासून पायी. कोणाला विचारावं ते न कळून ती एका ताडाखाली टेकली आणि बुधी वरून खाली यायची वाट पाहत दिवसभर बसून राहिली. बुधीने तिला वरून पाहिलं होतं. पण स्लॅब चालू होता. आपण खाली उतरलो तर रांग तुटेल, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर आपली जागा दुसरी कोणी घेईल, असं वाटलं. अंधारायला आलं तेव्हा ती हातपाय धुऊन म्हातारीपाशी जाऊन बसली. म्हातारीने तिच्या हाताला पडलेल्या भेगा पाहिल्या. पाड्यात पाच लग्नं ठरलीत, चल, एवढंच म्हणाली.

"पाऊस लागायच्या आधी येते, काकी."

"तवर लग्नं सपतील."

"मंग पुढल्या साली. पक्कं."

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मी तुला हाक मारायला आलो नाय, बुधे. देव हाक मारतात म्हणून आलो. आता मी दुसरी कोन बघू?"

बुधीने तिला खोपटात नेलं, भाकर आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं, सकाळी वाटेपर्यंत पोचवलं. इथे तरी तिने मागे फिरायचं होतं. पाड्याची वाट समोर, म्हातारी पुढे चाललेली, बोचकं उचलायचं तेवढं बाकी. पण त्या दिवशीही स्लॅब होता.

पुढचं साल आलं आणि काम आणखी वाढलं. बुधी गेली नाही. त्या सालच्या उन्हाळ्यात तिला हिवताप झाला, अंगात ताकद राहिली नाही, आणि ती खोपटात पडून राहिली. बरी होऊन कामावर गेली तर चढणीच्या टोकाला दुसरीच बाई वाकून घमेलं घेत होती. पाम गावाकडच्या वाडीतली, काळीसावळी, तरणी. खालून रामकिसनचा आवाज आला, ए घमेलेवाली बुधी, दमाने घे. आपल्याला बघून म्हणतोय असं वाटून ही पुढे झाली. तेव्हा वरची वळली. तीही बुधवारची. रामकिसनने काही वाईट केलं नव्हतं. वरच्या जागेवर उभी राहील ती घमेलेवाली, एवढाच त्याचा हिशेब. त्याने हिला आपुलकीने विचारलं, बरी झालीस का, आणि खाली वाळू चाळायला बसवलं.

तिथे ती फार दिवस काढू शकली नाही. पाऊस लागला तशी बोचकं बांधून तिघं पाड्याला परतली. वाटेत बुधीने ठरवलं होतं, म्हातारीच्या पाया पडायचं, शिव्या खायच्या, आणि येत्या माघात तिच्या मागे बसायचं. पाड्यात शिरताच चौकवाली भेटली. तिनेच सांगितलं, धवलेरी वैशाखात गेली. शेवटच्या लग्नात गाता गाता आवाज बसला, घरी आणून निजवली, ती उठली नाही. मागे बसायला दुसरी कोणी घेतली नव्हती. चौकवाली हे सांगताना रडत होती. बुधीला रडू आलं नाही.

आता कोणी म्हणेल, इतक्या लग्नांत गाणं ऐकलेली माणसं होती, त्यांना देवांची नावं येत नव्हती का? ऐकलं सगळ्यांनी होतं. पण धवलेरी आहे म्हटल्यावर कोण लक्षात ठेवतं! दोन सालं पाड्यातली लग्नं बाहेरच्या धवलेरीला बोलावून लागली. तिला पाड्याचे देव माहीत नसत, आणि म्हाताऱ्या बायका कुरकुरत.

बायडीचं लग्न ठरलं ते साल एकोणसत्तर. बुधीने वाणगावच्या बाजूची धवलेरी बोलावली, बायडी तिचं नाव, म्हणजे नवरीचंच. चौकवालीने भिंतीवर चौक काढला. सुईण बुधी आता पाठीत वाकली होती, पण तीही कोपऱ्यात येऊन बसली. गाणं सुरू झालं. नारनदेव आला, हिमाय आली, हिरवा आला. मग धवलेरी थांबली. तिने मागे वळून नवरीच्या आईला विचारलं, तुमच्या पाड्याचे देव कोण, नावं सांग, मी बोलावते.

सगळा मांडव बुधीकडे बघायला लागला. ती दोन सालं मागे बसली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. बुधी पुढे झाली, धवलेरीच्या शेजारी बसली आणि तिने गाऊनच पहिलं नाव घेतलं. दुसरं घेतलं. तिसरं, चौथं. आवाज असा लागला की जुन्या माणसांनी माना वर केल्या. नवरीसुद्धा डोक्यावरचा पदर सारून आईकडे बघायला लागली. आणि तिथे ओळ संपली. पुढची अर्धी ओळ म्हातारीच्या तोंडून ऐकल्याचं तिला आठवत होतं, म्हातारीचा हलणारा अंबाडासुद्धा आठवत होता, नाव आठवत नव्हतं. तिने सुईणीकडे पाहिलं. सुईणीने खिंडीतल्या देवाचं नाव सांगितलं, पण देव ओळीनेच बोलावायचे, आणि हा आधी की नंतर हे तिलाही सांगता येईना. जिवल्याने मान खाली घातली. पोरीच्या लग्नात आपल्या घराच्या दाराशी कोण कोण ताटकळत राहिलं, हे बुधीला कधीच कळणार नव्हतं, आणि त्या क्षणी तिला आपलं सगळं तारापूर, सगळी घमेली, सगळं ते नाव नकोसं झालं.

वाणगावची धवलेरी शहाणी बाई. ज्यांची नावं नाही आली त्यांना हात जोडा, असं तिने मांडवाला सांगितलं, सगळ्यांनी जोडले, आणि गाणं पुढे नेऊन तिने लग्न लावलं. नाच झाला, जेवणं झाली.

सकाळी निघताना तिने आपलं लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि दारात उभ्या असलेल्या बुधीला जवळ बोलावलं.

"गळा चांगला हाय तुझा. माझ्यापरीस चांगला. तुला कोनी मागं नाय बसवली?"

"बसवली होती," बुधी म्हणाली. "मीच उठून गेलो."